दहावी विज्ञान: प्रयोगात आकडा चुकतो तो नेमका कुठे?

प्रयोगवही

राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. लेखीच्या तयारीवर भरपूर लिहिलं जातं. प्रात्यक्षिकाची वही मात्र एकमेकांची बघून भरली जाते, त्यामुळे वर्गातल्या सगळ्या भिंगांचं नाभीय अंतर बरोबर १० सेमी येतं आणि सगळ्या काचेच्या चिपांचा अपवर्तनांक बरोबर १.५. खरा प्रयोग केला तर असं होत नाही. ९.८ येतं, १०.४ येतं, आणि ते तसं का आलं हे शोधताना तो धडा समजतो. म्हणून हा धागा. प्रत्येकाने एखादा प्रयोग घ्यावा आणि आकडा कुठे चुकतो, का चुकतो ते लिहावं.

सुरुवात बहिर्गोल भिंगापासून करतो. शाळेच्या पेटीत बहुधा १० सेमी नाभीय अंतराचं भिंग असतं.

पहिली पद्धत दूरच्या वस्तूची. खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्यायची आणि भिंगापासून कागदाचं अंतर मोजायचं. इथे सगळा खेळ 'दूर' या शब्दाचा आहे. झाड १० मीटरवर असेल तर प्रतिमा १०.१ सेमीवर पडते. म्हणजे चूक एक मिलिमीटरची, पट्टीवर जेमतेम दिसणारी. पण खिडकीपर्यंत जायचा कंटाळा करून वर्गातल्या २ मीटरवरच्या ट्यूबलाइटची प्रतिमा घेतली तर तीच १०.५ सेमीवर येते. भिंग तेच आणि मोजणीही बरोबर, तरी उत्तर अर्धा सेमी जास्त.

दुसरी पद्धत मेणबत्ती आणि पडद्याची. १० सेमीच्या भिंगाला साधारण या जोड्या मिळायला हव्यात (चिन्हं बाजूला ठेवून, नुसती अंतरं):

वस्तू ३० – प्रतिमा १५
वस्तू २० – प्रतिमा २०
वस्तू १५ – प्रतिमा ३०
वस्तू १२ – प्रतिमा ६०

शेवटची जोडी घेताना पडदा दोन-तीन सेमी पुढेमागे केला तरी प्रतिमा सारखीच स्पष्ट वाटते. शिवाय मेणबत्ती एका मिलिमीटरने जरी सरकली तरी प्रतिमा सुमारे अडीच सेमी सरकते. त्यामुळे १५ ते ३० सेमीच्या टप्प्यातली वाचनं घ्यावीत.

सदाफुली

फार गरजेचा विषय. भिंगाबद्दल माझ्याकडून दोन भर.

एक, मेणबत्ती आणि पडदा यांच्यातलं एकूण अंतर नाभीय अंतराच्या चौपटीपेक्षा कमी असेल तर भिंग कुठेही सरकवा, पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळणारच नाही. १० सेमीच्या भिंगाला किमान ४० सेमी हवेत. मुलं ३० सेमीच्या पट्टीवरच सगळं मांडतात आणि 'भिंग खराब आहे' म्हणून मोकळी होतात.

दोन, मेणबत्ती जळत खाली येते. ज्योत भिंगाच्या मध्याच्या खाली गेली की उलटी प्रतिमा पडद्यावर वर सरकते. चौथ्या-पाचव्या वाचनापर्यंत ती पडद्याच्या वरच्या कडेशी पोचलेली असते. दर वाचनाआधी ज्योत, भिंगाचा मध्य आणि पडद्याचा मध्य एका उंचीवर आणायचा. ज्योत वाऱ्याने हलत असेल तर मोबाइलच्या टॉर्चपुढे बाण कापलेला पुठ्ठा धरावा. त्याची कड ज्योतीपेक्षा रेखीव असते, त्यामुळे प्रतिमा कुठे स्पष्ट झाली ते नेमकं ठरवता येतं.

शून्यरेषा

पाच वाचनं घेतली की मुलं वस्तूच्या अंतरांची सरासरी काढतात, प्रतिमेच्या अंतरांची काढतात, आणि त्या दोन सरासऱ्या सूत्रात घालतात. हे चालतं का?

प्रयोगवही

नाही चालत. वरच्याच पहिल्या तीन जोड्या घ्या. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे सूत्रात घातली तर उत्तर बरोबर १० येतं. आता सरासरी काढा: वस्तूचं अंतर २१.६७, प्रतिमेचंही २१.६७. सूत्रातून नाभीय अंतर येतं १०.८३. तिन्ही वाचनं अचूक असूनही उत्तर चुकलं. सूत्र व्यस्तांकांचं आहे (१/प्रतिमेचं अंतर − १/वस्तूचं अंतर = १/नाभीय अंतर), अंतरांची सरासरी त्यात बसत नाही. आधी प्रत्येक जोडीवरून नाभीय अंतर काढायचं, मग त्या उत्तरांची सरासरी. वहीच्या तक्त्यात शेवटचा रकाना त्यासाठीच असतो.

सूत्रात घालताना वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं हे विसरलं तर वजाबाकीची बेरीज होत नाही. २०-२० च्या जोडीला तर उत्तर शून्याने भागण्यापर्यंत जातं.

तांबडी माती

काचेची चीप घेतो. यात चार टाचण्या आणि एक कोनमापक, पण चुकायला जागा भरपूर.

टाचण्या एकमेकींपासून किमान ५ सेमी दूर हव्यात. जवळजवळ टोचल्या तर त्यांच्यातून काढलेली रेषा पेन्सिलीच्या जाडीनेही तिरकी होते. पलीकडून बघताना टाचण्यांची डोकी एका रेषेत आणू नका. टाचणी जरा कललेली असतेच. कागदाला टेकलेली टोकं एका ओळीत दिसली पाहिजेत, म्हणजे डोळा जवळजवळ टेबलाच्या पातळीला न्यावा लागतो.

दुसरी चूक बाह्यरेषेची. चिपेभोवती पेन्सिल फिरवताना ती तिरकी धरली की रेषा काचेपासून दूर पडते. चीप कागदावर रुंद आणि किरण आत थोडा जास्त लांब, त्यामुळे अपवर्तन कोन चुकतो. टोकदार पेन्सिल, काचेला घासून, आणि एकदा आखल्यावर चीप हलवायची नाही.

अपवर्तनांक १.५ धरला तर ३० अंशांच्या आपतन कोनाला अपवर्तन कोन १९.५ येतो, ४५ ला २८.१, ६० ला ३५.३. कोनमापकावर एक अंश इकडेतिकडे होणारच. ३० अंशांच्या वाचनात त्या एका अंशाने अपवर्तनांक १.४३ ते १.५८ असा हलतो, ६० अंशांच्या वाचनात १.४६ ते १.५४ एवढाच. म्हणून निदान एक वाचन मोठ्या कोनाचं घ्यावं.

निर्गत किरण आपाती किरणाला समांतर असतो हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तो बाजूला किती सरकला हे मात्र क्वचित कुणी मोजतं. ५ सेमी रुंदीच्या चिपेतून ४५ अंशांना तो सुमारे १.६ सेमी सरकतो, ६० ला अडीच सेमी. एवढी मोठी सरक पट्टीने सरळ मोजता येते आणि आकृती बरोबर आहे की नाही याची ती उत्तम तपासणी आहे.

नीलमोर

रसायनाकडे वळतो. मोरचुदाच्या द्रावणात खिळा. वह्यांत लिहिलेलं असतं: 'निळं द्रावण हिरवं झालं.' बऱ्याचदा ते हिरवं दिसतच नाही, निळं नुसतं फिकं होतं.

प्रमाण असं धरा: अडीच ग्रॅम मोरचूद १०० मिली पाण्यात. द्रावण गढूळ आलं तर विरल सल्फ्युरिक ॲसिडचा एक थेंब. परीक्षानळीत यातलं १० मिली घेतलं तर त्यात तांबं जेमतेम ६३ मिलिग्रॅम आहे. ते सगळं बाहेर पडायला ५६ मिलिग्रॅम लोखंड पुरतं आणि खिळा काही ग्रॅमचा असतो. म्हणजे लोखंड कमी पडत नाही. अडतं ते पृष्ठभागावर. तांब्याचा थर बसला की आतल्या लोखंडापर्यंत द्रावण सावकाश पोचतं. अर्ध्या तासात खिळ्यावर तांबूस लेप स्पष्ट दिसतो, रंग मात्र फिकट निळाच राहतो. एक खिळा ठेवण्याऐवजी लोखंडाचा कीस टाकून ढवळलं तर काही मिनिटांत निळा रंग जातो आणि अगदी फिकी हिरवी झाक उरते. तीही पांढरा कागद मागे धरल्याशिवाय कळत नाही. तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पिवळट-तपकिरी गाळ दिसतो. तो फेरस सल्फेटचं हवेने ऑक्सिडीकरण झाल्याचा.

खिळा पॉलिश पेपरने घासलेला हवा. चकचकीत पांढुरका खिळा असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा असतो. मग तांब्याला विस्थापित करतं ते जस्त, आणि खिळ्यावर तांबूस लेपाऐवजी काळपट भुगा बसतो.

सदाफुली

> निळं नुसतं फिकं होतं

मग परीक्षेत काय लिहायचं? उत्तरपत्रिकेत 'फिकट हिरवे' हवं असतं.

नीलमोर

लेखी परीक्षेत अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचा रंग विचारलेला असतो, तिथे 'फिकट हिरवे' बरोबरच आहे. प्रयोगाच्या वहीत 'निरीक्षण' या रकान्यात डोळ्यांना दिसलं ते लिहायचं: '३० मिनिटांनी निळा रंग फिका झाला, खिळ्यावर तांबूस थर.' अनुमानात फेरस सल्फेट. हे दोन रकाने वेगळे असतात ते याचसाठी. दिसलं नाही ते निरीक्षणात लिहायची सवय लागली की पुढे अकरावी-बारावीतही ती सुटत नाही.

काजवा

चुन्याच्या निवळीबद्दल लिहितो, कारण प्रयोगशाळेतली बाटली बहुतेक वेळा निकामी असते. अर्धी रिकामी बाटली आणि वर पांढरी साय, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच काम करून गेला. निवळी ताजी करणं सोपं आहे. पानाच्या टपरीवरचा चुना चमचाभर, अर्धा लिटर पाणी, ढवळून झाकून रात्रभर. सकाळी वरचं नितळ पाणी गाळून लहान बाटल्यांत काठोकाठ भरायचं. जास्त चुना घालून जास्त तीव्र निवळी मिळत नाही. लिटरभर पाण्यात विरघळतो तो जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम, आणि पाणी तापवलं तर आणखी कमी.

स्ट्रॉने फुंकल्यावर निवळी दुधाळ होते. फुंकतच राहिलं तर पुन्हा नितळ व्हायला हवी, कारण कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळतं. हा दुसरा भाग पुष्कळदा जमत नाही. निवळीत आधीच तेवढंच पाणी मिसळून घ्या, मग दुधाळपणा जातो. स्ट्रॉमधून ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर दुखापत गंभीर असते.

अपघटनासाठी काही ठिकाणी फळ्याचा खडू तापवतात. खडू आता बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचा असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघणार नाही. खरी चुनखडी घेतली तरी स्पिरिटच्या दिव्याची आच पुरत नाही, तिला आठशे अंशांच्या वर तापमान लागतं. त्याऐवजी हिरवं कॉपर कार्बोनेट तापवा. साध्या आचेवर काळं पडतं आणि निघालेला वायू निवळी दुधाळ करतो. चुनखडीच हवी असेल तर शहाबादी फरशीच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून बुडबुडे दाखवा, पण त्याला अपघटन म्हणू नका.

ध्रुवतारा

चुंबकसूचीचा प्रयोग. ओरस्टेडने १८२० साली तारेशेजारची सूची हलताना पाहिली. वर्गात ती हलत नाही, याची कारणं दोन.

पहिलं, तारेची दिशा. तार पूर्व-पश्चिम ताणली तर तिचं चुंबकीय क्षेत्र उत्तर-दक्षिण पडतं, म्हणजे सूची आधीच जिथे आहे त्याच रेषेत. ती हलणार कशी? तार उत्तर-दक्षिण, सूचीला समांतर, तिच्या बरोबर वर धरायची.

दुसरं, धारा. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. १ ॲम्पिअर वाहणाऱ्या तारेपासून १ सेमीवर २० मायक्रोटेस्ला मिळतात, सूची जवळपास २८ अंश वळते. पण परिपथात टॉर्चचा बल्ब मालिकेत असेल तर धारा ०.३ ॲम्पिअरवर अडते आणि सूची ९ अंश वळते. त्यात टेबलाला लोखंडी पाय असले की संपलंच. बल्ब काढून थेट सेल जोडायचा असेल तर कळ दोन-तीन सेकंदच दाबायची, नाहीतर सेल आणि तार दोन्ही तापतात. त्यापेक्षा सूचीच्या डबीभोवती तारेचे पाच-सहा वेढे घ्यावेत. वरची आणि खालची तार मिळून एकाच बाजूला ढकलतात आणि बल्ब ठेवूनही सूची झटक्यात वळते.

शून्यरेषा

उष्णतेच्या धड्यातली मिश्रण पद्धत (तापवलेला धातूचा गोळा थंड पाण्यात टाकून तापमान मोजायचं) कुणी खरोखर करून घेतं का? लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता कधीच ०.११ येत नाही.

ध्रुवतारा

येत नाही त्याचं कारण आधीच गणित मांडलं तर दिसतं. १०० ग्रॅम लोखंड १०० अंशांना, १०० ग्रॅम पाणी २८ अंशांना, ॲल्युमिनिअमचं ५० ग्रॅमचं पात्र. मिश्रणाचं तापमान ३४.५ च्या आसपास थांबतं. म्हणजे वाढ फक्त साडेसहा अंश, आणि शाळेतल्या तापमापीवर खुणा एकेक अंशाच्या. सुरुवातीला अर्धा आणि शेवटी अर्धा अंश चुकला की उत्तरात १५ टक्के फरक. पाणी १०० ऐवजी ६० ग्रॅम घ्या (गोळा बुडेल एवढं), वाढ मोठी होते.

त्याहून मोठी चूक ओल्या गोळ्याची. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गोळ्याला दोन ग्रॅम पाणी चिकटलेलं असलं तर ते १३० कॅलरी घेऊन येतं. लोखंड स्वतः देतं ७२०. म्हणजे १८ टक्के उष्णता त्या दोन ग्रॅमांची, आणि उत्तर तेवढं जास्त. गोळा उचलताना झटकायचा, दोरा लहान ठेवायचा, पात्र उकळत्या पाण्याला अगदी खेटून. पुसत बसलं तर गोळा थंड होतो. त्यापेक्षा गोळा परीक्षानळीत कोरडा ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरा आणि तिथून थेट पात्रात ओता.

आणि उकळतं पाणी म्हणजे १०० अंश, हेही सगळीकडे खरं नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर ते ९५-९६ लाच उकळतं. तापमापी बुडवून आकडा वाचा.

तांबडी माती

त्याच धड्यातलं पुनर्हिमायन, म्हणजे दाबाने बर्फ वितळणं आणि दाब जाताच पुन्हा गोठणं. बर्फावरून तार, दोन्ही टोकांना वजनं. फ्रीजरमधून आत्ताच काढलेल्या बर्फातून तार जात नाही. अर्धा मिलिमीटर जाडीची तार, १० सेमी रुंद बर्फ आणि दोन्ही बाजूंना ५-५ किलो धरले तर तारेखाली दाब सुमारे २० वातावरणांएवढा होतो. त्याने बर्फाचा द्रवणांक उतरतो फक्त ०.१५ अंशाने. फ्रीजरचा बर्फ उणे पंधरा-अठराला असतो, त्याला एवढ्याने काय होणार? बर्फ बाहेर ठेवून त्याला पाणी सुटू द्या, म्हणजे तो शून्याला आला, मग तार ठेवा. तांब्याची तार वापरली तर खोलीची उष्णताही तारेतून आत जाते आणि ती भरभर उतरते. त्याच जाडीचा नायलॉनचा दोरा लावून बघा, फार हळू जातो. सगळं काम दाबाचं नाही हे मुलांना या तुलनेतून दिसतं.

मुळाक्षर

दुसऱ्या भागातून कांद्याच्या मुळातलं सूत्री विभाजन. तयार काचपट्टी दाखवली तरी चालते, पण स्वतः केलेली पट्टी बघताना चेहरे वेगळे असतात. पायऱ्या सविस्तर लिहिते.

कांदा बाटलीच्या तोंडावर असा ठेवायचा की बुडाला पाणी जेमतेम टेकेल. तीन ते पाच दिवसांत मुळं एक-दोन सेमी होतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर बूड कुजतं. आधी बुडावरची जुनी वाळकी मुळं खरवडून टाकायची. साठवणीत अंकुर फुटू नयेत म्हणून गॅमा किरण दिलेला कांदा (लासलगावला असं केंद्र २००२ पासून आहे) या कामाचा नाही. त्याच्या विभाजन होणाऱ्या पेशींनाच मार बसलेला असतो.

सकाळी मुळांची टोकं कापायची, फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर. इथेच बहुतेकांचं चुकतं. सेंटिमीटरभर तुकडा घेतला की दिसतात त्या लांबट, वाढून झालेल्या पेशी, आणि त्यांत विभाजन नसतं. टोकं एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग इथेनॉल या मिश्रणात २४ तास.

मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, १ नॉर्मल. तीव्र ॲसिड साडेआठ मिली, एकूण १०० मिली होईल एवढ्या पाण्यात. पाण्यात ॲसिड सोडायचं, उलट नाही, आणि हे शिक्षकांनीच करायचं. ६० अंशांना पाच-सात मिनिटं. पेशींना जोडणारा चिकटा सुटतो. ही पायरी गाळली तर पुढे कितीही दाबलं तरी पेशी एकावर एकच राहतात. जास्त वेळ ठेवलं तर टोक चिमट्यात धरताच विरघळल्यासारखं तुटतं.

धुवून ॲसिटोकार्माइनमध्ये दहा-पंधरा मिनिटं, पट्टी आचेवरून दोन-तीनदा फिरवून. उकळू द्यायचं नाही. टोकाचा सगळ्यात गडद रंगलेला मिलिमीटर ठेवून बाकीचं काढून टाकायचं. वर आच्छादक काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा जरी घसरला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सुतासारख्या रेघा दिसतात.

बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्या असतात, त्यामुळे मुलं लगेच निराश होतात. १० पटीच्या वस्तुभिंगाखाली चौकोनी, दाट केंद्रकांच्या पेशींचा पट्टा शोधा, मग ४० पटीचं लावा. पूर्वावस्था सापडते ती दोऱ्याच्या गुंत्यासारखी. मध्यावस्था पेशीच्या मधोमध आडवी गडद पट्टी. पश्चावस्था सगळ्यात देखणी, दोन्हीकडे ओढले जाणारे झुपके. कांद्याची गुणसूत्रं १६, नीट पसरलेल्या पेशीत मोजताही येतात.

आणि एक: पुस्तकातल्या आकृतीत तारककेंद्रं असतात, ती प्राणिपेशीची आकृती. कांद्याच्या पेशीत ती नसतात. वहीत कांद्याची पेशी म्हणून आकृती काढून तिला तारककेंद्रं दाखवू नयेत.

काजवा

मुळाक्षर, फार उपयोगी. कार्माइनचा रंग फिका आला तर लोखंडी सुईने त्यातच टोक हलवावं. लोहाच्या अंशाने रंग गडद होतो.

सदाफुली

कार्बनी संयुगांतला एक प्रश्न. इथेनॉलमध्ये पोटॅशिअम परमँगनेट घातल्यावर कुणाचा रंग जातो, कुणाचा तपकिरी होतो, कुणाचा जांभळाच राहतो. असं का?

नीलमोर

तिन्ही बरोबर असू शकतात. सोडिअम कार्बोनेट घालून माध्यम आम्लारीधर्मी केलं असेल तर जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ येतो, कधी मध्येच क्षणभर हिरवी झाक दिसते. ॲसिड घातलं असेल तर गाळ न येता द्रावण रंगहीन होत जातं. जांभळाच राहिला तर परमँगनेट जास्त झालं. १०० मिली पाण्यात चार-पाच कण पुरे. थेंब-थेंब घालायचं आणि आधीच्या थेंबाचा रंग गेल्यावरच पुढचा.

नळी गरम पाण्यात धरून तापवायची, ज्योतीवर नाही. इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाच पेट घेते. आणि इथेनॉल नाही म्हणून हँड सॅनिटायझर वापरत असाल तर लेबल वाचा. त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर रंग तसाच जाईल, पण तयार होईल ॲसिटोन. वहीत ॲसिटिक ॲसिड लिहिलं तर ते चूक.

नळीच्या काचेवर बसलेला तपकिरी थर साबणाने निघत नाही. क जीवनसत्त्वाची एक गोळी थोड्या पाण्यात विरघळवून ओता, काच लगेच स्वच्छ होते.